भंगारात निघालेल्या चार बॅटऱ्या
(सामुदायिक रेडिओ केंद्रावर बचत गटांच्या महिलांसाठी झालेलं भाषण)

भाकरी थापत असाल, मशिनीवर असाल, शेरडांमागं असाल, तर हात चालू ठेवा आणि कान तेवढा इकडं द्या.

मागच्या दोन वेळा मी व्याजाचा हिशोब आणि बँकेतली कागदपत्रं यावर बोलले. आज विषय वेगळा आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीची मेलेली बॅटरी. तुम्ही म्हणाल, या बाईचं शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन, हिला बॅटरीतलं काय कळतं? खरं आहे. सहा महिन्यांपूर्वी काहीच कळत नव्हतं. कळावं लागलं, कारण गटाचे पैसे त्यात अडकले होते आणि कर्जाच्या ठरावावर शिफारस माझी होती.

आमच्या माण तालुक्यात वस्त्या लांब लांब. एका वस्तीवरून दुसरीवर जायचं तर ऊन डोक्यावर घेऊन तास-दीड तास चालायचं. आमच्या गटातल्या एक अक्का आहेत. त्या वस्त्यावस्त्यांवरून साड्या गोळा करायच्या, फॉल-पिको करून परत पोचवायच्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी विजेची स्कूटर घ्यायचं काढलं. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॉटपेक्षा कमी मोटारीची. असल्या गाडीला लायसन लागत नाही, नंबरही लागत नाही. गाडी ५२ हजारांची. गटानं ३५ हजार कर्ज दिलं. दीड वर्ष हप्ता एकदाही चुकला नाही.

मग आषाढात अक्का लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. जाताना गाडी एसटी स्टँडपर्यंत चालवली, मुलानं परत आणून गोठ्याच्या पडवीत लावली. चार्जिंगला लावायचं राहिलं. अक्का गणपती झाल्यावर परत आल्या. चावी फिरवली तर दिवा नाही, हॉर्न नाही. चार्जर लावला तर त्यावर लगेच हिरवा दिवा. अक्कांना वाटलं बॅटरी फुल आहे, बिघाड गाडीत आहे. ज्या दुकानातून गाडी घेतली तिथं ढकलत नेली. दुकानदारानं वरवर बघून सांगितलं, चारही बॅटऱ्या गेल्या, नवा सेट ११ हजार. दारावरच्या भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला.

त्या महिन्याच्या बैठकीत अक्कांनी हप्त्याचे निम्मेच पैसे ठेवले आणि म्हणाल्या, "गाडी मोडीत देते ताई. येतील त्यात कर्ज वळतं करून घ्या." बोलताना वर बघितलं नाही. आमच्या सचिव ताई हळूच मला म्हणाल्या, "राहिलेले कोण भरणार?" प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दोघींनी अशाच गाडीसाठी अर्ज दिले होते, त्यांनी ते त्याच बैठकीत मागं घेतले.

मी अक्कांना एवढंच म्हणाले, आठ दिवस थांबा. का म्हणाले ते माझं मलाच माहीत नाही.

बाजारात एक तात्या आहेत. पंखे, टीव्ही, मिक्सर, फवारणीचे पंप, सगळं दुरुस्त करतात. त्यांच्याकडं गेले. ते म्हणाले, "चारही एकदम मरत नसतात. एक मरते आणि बाकीच्यांना बदनाम करते. काढून आण, बघू."

काढायच्या आधीचं सांगते, कारण हे चुकलं तर पुढचं काही ऐकून उपयोग नाही. गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवा किंवा ब्लाऊजच्या आत घालून वर पदर घट्ट खोचा. हातातल्या सोन्याच्या, पितळेच्या, स्टीलच्या बांगड्या आणि अंगठी काढा. काचेच्या राहिल्या तरी चालतील. बॅटरीच्या दोन टोकांवर एकाच वेळी धातू टेकला की त्यातून एवढा करंट जातो की धातू लाल होतो. मी मंगळसूत्र काढलं होतं, पण हातातल्या पान्याकडं लक्ष नव्हतं. पान्याचं एक टोक नटावर आणि दुसरं शेजारच्या टोकाला लागलं. फाट्‌कन आवाज, डोळ्यांपुढं पांढरं. पान्याला भाताच्या शितासारखा खड्डा पडलाय, तो पाना मी ठेवून दिलाय. तेव्हापासून पान्याच्या दांडीला चिकटपट्टी गुंडाळते. सीटखाली एक खटका असतो, घरच्या मीटरजवळ असतो तसा. तो आधी खाली पाडायचा. वायरी कशा जोडल्यात त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा. मग एकेक वायर सोडवायची.

चार बॅटऱ्या निघाल्या. प्रत्येकी बारा व्होल्टची, वर २० अँपिअर-अवर लिहिलेलं, वजनाला सहा-सात किलो. चार एकापुढं एक जोडल्या की ४८ व्होल्ट होतात. प्रत्येकीवर खडूनं आकडा घातला.

आता आत काय असतं ते. ही शिशाची बॅटरी. हिची मूळ कल्पना जुनी आहे, गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये काढलेली. बारा व्होल्टच्या डब्यात सहा कप्पे असतात, एकेक कप्पा साधारण दोन व्होल्टचा. कप्प्यात शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचं ॲसिड. गाडी चालते तेव्हा पट्ट्यांवर एक पांढरा क्षार धरतो. चार्जिंग केलं की तो परत विरघळतो. आपल्या बोअरच्या पाण्याचं बघा. हंडा रोज घासला तर पांढरं निघून जातं. तोच हंडा पाणी भरून तीन महिने तसाच ठेवला तर खडे बसतात, मग वीट घेऊन घासलं तरी निघत नाहीत. अक्कांच्या बॅटरीचं तेच झालं. रिकामी ठेवली, क्षार बसला, वाळून कडक झाला. शिवाय गाडी बंद असली तरी आतला अलार्म थोडी थोडी वीज पीतच असतो. आठवडाभरात काही वाटत नाही, तीन महिन्यांत डबा तळाला जातो.

म्हणजे बॅटरी जुनी होऊन मेली नव्हती, उपाशी ठेवून मेली होती. हे ऐकून मला आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. गाडी विकताना एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर! आणि कर्ज देताना मी तरी कुठं विचारलं?

तात्यांनी मल्टीमीटर माझ्या हातात दिला. बाजारात साधा मल्टीमीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. काटा डीसीच्या २० वर ठेवायचा. लाल वायर अधिकच्या टोकाला, काळी उण्याच्या टोकाला. उलट लागली तर आकड्याआधी वजा येतो, बिघडत काही नाही. पहिली १०.९, दुसरी ११.२, तिसरी ११.१ आणि चौथी ६.३. बेरीज ३९.५. चार्जरला ४८ व्होल्टची बॅटरी अपेक्षित. एवढा कमी आकडा दिसला की तो बॅटरी ओळखतच नाही आणि गप्प बसतो. हिरवा दिवा त्याचाच. पुष्कळ चार्जरवर हिरवा दिवा म्हणजे "करंट जात नाही" एवढंच. बॅटरी भरली म्हणूनही जात नसेल, चार्जरनं तिला घेतलीच नाही म्हणूनही जात नसेल. दिवसभर हिरवा दिवा बघून अक्का वाट बघत बसल्या होत्या.

शिशाची बारा व्होल्टची बॅटरी पुरी भरून रात्रभर तशीच ठेवली तर मीटर १२.८ च्या आसपास दाखवतो. १२ च्या जवळ आली म्हणजे जवळपास रिकामी. १०.५ च्या खाली गेली की धोका. सहा व्होल्ट दाखवणारीचे काही कप्पेच गेलेले असणार, असं तात्या बोटांवर मोजत म्हणाले.

मग चार्जिंग. इथं घाई करणारा फसतो. चारही एकत्र नाही, एकेक वेगळी. तात्यांच्या टेबलावर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही आकडे दाखवणारा सप्लाय आहे. त्यावर त्यांनी १४.४ व्होल्ट लावले आणि करंट दोन अँपिअरच्या वर जाऊ द्यायचा नाही असं बांधलं. हिशोब सोपा आहे: बॅटरीवर २० लिहिलंय तर त्याचा दहावा हिस्सा. ज्यांच्याकडं असा सप्लाय नाही त्यांनी बारा व्होल्टचा, दोन अँपिअरचा, शिशाच्या बॅटरीसाठीचाच चार्जर घ्यावा. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावू नये. तो एवढ्याशा बॅटरीला उकळून काढतो.

पहिल्या बॅटरीनं सुरुवातीला जेमतेम ०.२ अँपिअर घेतला. मी म्हणाले, ही गेली. तात्या म्हणाले, "उपाशी माणसाला एकदम पुरणपोळी जात नाही. आधी पेज जाते." दोन तासांनी ०.८ झाला. दुपारपर्यंत दोनला टेकला. क्षार हळूहळू विरघळत होता. संध्याकाळी दुकान बंद करताना सप्लायही बंद, दुसऱ्या दिवशी परत चालू. रात्री कुणी बघायला नसताना चार्जिंग चालू ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. दर तासाला बॅटरीवर हात ठेवायचा. कोमट असली तर चालेल. हात ठेववत नाही इतकी तापली, बाजूनं फुगली, आतून खदखद आवाज आला किंवा कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर लगेच बंद.

एक गोष्ट घरात करणाऱ्यांसाठी. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि तो ठिणगीनं भडकतो. म्हणून चुलीजवळ नाही, देवघराजवळ नाही. उदबत्ती लावलेल्या खोलीत तर नाहीच. पडवीत, हवेशीर जागी, पोरांच्या हाताबाहेर. ॲसिड अंगाला लागलं तर भरपूर पाणी ओतत राहायचं, डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना. जमिनीवर सांडलं तर वर खायचा सोडा टाकायचा, फसफस थांबेपर्यंत.

चार दिवसांत चारही बॅटऱ्यांचं झालं. रात्रभर ठेवून मोजल्या. १२.९, १२.८, १२.६. चौथी चार्जिंगला गरम होत होती, काढल्यावर तासाभरात १०.४ वर आली आणि तिथून हलली नाही. ती खरोखरच मेलेली. तात्यांनी तिच्यावर खडूनं फुली मारली.

मला वाटलं झालं काम, तीन वाचल्या. तात्या म्हणाले, "अजून कुठं? हंडा भरलाय एवढं कळलं. हंडा केवढा उरलाय ते बघायचंय." बरोबर होतं. आत क्षार बसला की जागाच कमी होते, मग चार तांबे पाण्यातही हंडा भरलेला दिसतो. त्यांनी जीपच्या हेडलाइटचा जुना, बारा व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब काढला. तो साडेचार अँपिअर ओढतो. नवी बॅटरी तो चार तासांहून जास्त चालवते. बल्ब लावायचा, घड्याळ बघायचं आणि मीटर १०.५ वर आला की बल्ब काढायचा. त्याखाली जाऊ द्यायचं नाही, नाहीतर पुन्हा तेच दुखणं. बल्ब तापतो, तेव्हा तो विटेवर ठेवा. आमच्या एका ताईंनी प्लास्टिकच्या स्टुलावर ठेवला होता, त्या स्टुलाला आता मधोमध खळगा आहे.

पहिली ३ तास १० मिनिटं चालली. दुसरी २ तास ५०. तिसरी, जी १२.६ दाखवत होती, ती १ तास ४० मध्ये संपली. म्हणजे मीटरचा आकडा जवळपास सारखा आणि पोटात निम्मंच.

पुन्हा भरल्या, पुन्हा रिकाम्या केल्या. दुसऱ्या फेरीत पहिली ३ तास २५ वर गेली, दुसरी ३ तास ५ वर. तिसरीवरची पट्टी तात्यांनी उचकटली, डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे घालून प्रत्येक कप्प्यात थोडं डिस्टिल्ड वॉटर घातलं. एवढं करून ती १ तास ५० वर आली. दहा मिनिटांसाठी ॲसिडशी खेळ. मी तरी तुम्हाला ते करा म्हणणार नाही. नळाचं किंवा बोअरचं पाणी तर कधीच नाही.

आता बघा, दोन बऱ्या, एक अर्धी, एक मेलेली. अक्कांना चार हव्यात. माझ्या डोक्यात सरळ विचार आला: दोन नव्या घेऊ आणि जुन्यांबरोबर जोडू. तात्यांनी हात जोडले. "नवा खोंड आणि म्हातारा बैल एका जुवाला बांधतेस का?" एकापुढं एक जोडलेल्या बॅटऱ्यांमधून करंट सारखाच जातो. जी कमजोर ती आधी रिकामी होते, आणि बाकीच्या तिला ओढतच राहतात, अगदी उलट्या बाजूनं चार्ज होईपर्यंत. ती मरते. चार्जिंगला लावलं की नवीला नीट भरू देत नाही. महिन्या-दोन महिन्यांत नवीचेही हाल. जोडी सारखी हवी. सगळ्या नव्या किंवा सगळ्या सारख्या जुन्या.

मग शोध सुरू झाला. शेजारच्या गावात एका गुरुजींची तशीच गाडी बंद पडून होती, त्यांनी नवा सेट टाकला होता आणि जुन्या चार बॅटऱ्या पोत्यात बांधून ठेवल्या होत्या. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या. पुन्हा तेच सगळं: मोजणं, भरणं, बल्ब. त्यातल्या दोन निघाल्या, ३ तास १५ आणि ३ तास. गुरुजींनी दोन्हीचे मिळून १२०० घेतले. तात्यांची मजुरी ६००. मल्टीमीटर ३०० चा, तो गटानं घेतला. एकूण २१०० रुपये. चारही पुऱ्या भरून मगच एकत्र जोडल्या. पहिलीचं उणं दुसरीच्या अधिकला, तसं पुढं. फोटो बघत बघत. खटका वर केला आणि अक्कांना म्हणाले, चावी फिरवा.

दिवा लागला. अक्का गाडीवर बसल्या नाहीत. आधी पदरानं सीट पुसली, मग आरसा पुसला.

आता खरं काय ते सांगते, नाहीतर उद्या तुम्ही माझ्या दारात चाळीस बॅटऱ्या आणून टाकाल. नवी असताना गाडी ५० किलोमीटर जायची. आता ती २५ जाते. त्यातही निम्म्यावर काटा आला की थांबायचं असं ठरवलंय. अक्कांची सगळ्यात लांबची फेरी १२ किलोमीटरची आहे, म्हणून भागतं. ज्या बाईला रोज तीस किलोमीटर दूध घालायचंय तिचं यात भागणार नाही, तिनं नवा सेटच घ्यावा. तात्यांनी गॅरंटी दिलेली नाही. वर्ष निघालं तरी पुष्कळ, असं ते म्हणतात. त्या वर्षात अक्का हप्ता फेडताहेत आणि वेगळ्या डब्यात नव्या सेटचे पैसे टाकताहेत. महिन्याला ५०० चा हिशोब गटानं बांधून दिलाय, सेट आला की डबा उघडायचा.

अर्धी राहिलेली तिसरी बॅटरी अक्कांच्या मशिनीजवळ ठेवलीय. बारा व्होल्टचा, सात वॉटचा एलईडी तिच्यावर पाच-सहा तास आरामात चालतो. लाइट गेली तरी पिको थांबत नाही. घरातला साधा एलईडी लावू नका, तो चालणार नाही. बारा व्होल्ट डीसी असं लिहिलेलाच घ्यायचा. अधिकच्या टोकाजवळ वायरीत पाच अँपिअरचा फ्यूज घालायचा, म्हणजे कुठं वायर घासून चिकटली तर फ्यूज जाईल, घर नाही. आमच्या अध्यक्ष ताईंनी विचारलं, फवारणीच्या पंपाला चालेल का? व्होल्ट जुळतात. पण सात किलो पाठीवर घेऊन कोण फवारणार?

मेलेली चौथी आणि गुरुजींच्या राहिलेल्या दोन दुकानात जमा केल्या. तुम्हीही तेच करा. २०२२ साली केंद्र सरकारनं बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम आणले. जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी ती बनवणाऱ्यांवर आहे, आणि आपली जबाबदारी ती इतर कचऱ्यात न टाकता वेगळी देण्याची आहे. पावती मागा. नवी घेताना जुनीचे पैसे वळते करून मिळतात, ते सोडू नका. आणि हे कान देऊन ऐका: काही ठिकाणी बॅटरी फोडून आतलं शिसं चुलीवर वितळवतात. शिसं चुलीच्या आचेवरही वितळतं, म्हणून सोपं वाटतं. त्याची वाफ आणि धूळ लहान पोरांच्या मेंदूला कायमची इजा करते, पोटातल्या बाळालाही. ॲसिड ओढ्यात किंवा बांधावर ओतलं तर जमीन जाते. भंगारवाला दारातच फोडतो म्हणाला तर त्याला हाकला.

आतापर्यंत सांगितलं ते सगळं शिशाच्या बॅटरीचं. आता लिथियमची. हिच्या बाबतीत माझं सांगणं उलट आहे: हात लावू नका.

ओळखायची कशी? वजनाला हलकी असते. चार वेगळ्या डब्यांऐवजी बहुधा एकच पेटी, मूठ असलेली, काढता येणारी. वर लिथियम किंवा एलएफपी असं लिहिलेलं असतं. मोबाईलमध्ये असते त्याच जातीची, पण कितीतरी पटीनं मोठी. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्या देशात ठिकठिकाणी विजेच्या गाड्यांना आगी लागल्या, माणसं गेली, सरकारनं चौकशी लावली आणि बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. त्या आगी लिथियमच्या होत्या.

माझ्या चुलत जावेच्या मुलानं अशी पेटी आणली होती, भंगारातून, तीनशे रुपयांना. मोबाईलवर व्हिडिओ बघून स्क्रू काढायला बसला होता. शिशाची उपाशी राहिली तर नुसती दुबळी होते. लिथियमची एकदा फार खाली गेली आणि तशीच पडून राहिली की आतलं तांबं विरघळतं आणि नको तिथं जाऊन बसतं. तिला पुन्हा चार्ज केलं की आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. लगेच होईल असंही नाही. चार्जिंग झाल्यावर, सगळे झोपल्यावरही होतं. मी त्या पोराला तात्यांकडं नेलं. तात्यांनी पेटीची एक बाजू फुगलेली दाखवली आणि म्हणाले, "मी पंचवीस वर्षं दुरुस्ती करतोय, मी ही उघडत नाही. तू उघडणारेस?" पेटी घराबाहेर, गोठ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, वाळूवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात पोचवली. पोरगं तीनशे रुपयांसाठी चार दिवस माझ्याशी बोललं नाही.

कधीकधी लिथियमच्या पेटीतलं संरक्षणाचं सर्किट स्वतःच बंद पडलेलं असतं आणि बॅटरी चांगली असते. पण ते ओळखायचं काम कंपनीच्या माणसाचं. वॉरंटीचा कागद शोधा, तो कामाला येतो. शिशाचा चार्जर लिथियमला लावू नका, प्लग बसला तरी. पुरात, पावसात बुडालेली, पडून चेपलेली, फुगलेली पेटी चार्ज करू नका. आणि चांगली पेटीसुद्धा दारात किंवा जिन्याखाली चार्ज करू नका, कारण पेटली तर तुम्हाला बाहेर पडायची वाट तीच असते. धूर विषारी असतो. आधी माणसं बाहेर, मग ११२ ला फोन. पेटी उचलून बाहेर न्यायला जाऊ नका.

गाडी असलेल्या मैत्रिणींना रोजच्या वापराचं थोडं. फेरीहून आल्यावर अर्धा तास बॅटरी निवू द्या, मग चार्जिंग. अशा ४८ व्होल्टच्या गाडीला पुऱ्या चार्जिंगला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते, तेव्हा बिलाच्या भीतीनं उपाशी ठेवू नका. आठवड्याहून जास्त गावाला जाणार असाल तर पुरी भरून सीटखालचा खटका पाडून जा. जास्त दिवस लागणार असतील तर घरातल्या कुणाला तरी महिन्यातून एकदा चार्ज करायला सांगा, आणि ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. नुसतं तोंडानं सांगितलं की काय होतं ते अक्कांना विचारा.

महिन्याच्या बैठकीला आता आम्ही गाडीवाल्यांच्या बॅटऱ्याही मोजतो. प्रत्येकीचे चार आकडे वहीत. एखादी बाकीच्यांपेक्षा अर्धा व्होल्ट खाली दिसायला लागली की तिच्याकडं लक्ष ठेवायचं. ज्या दोघींनी अर्ज मागं घेतले होते त्यातल्या एकीनं परत दिलाय. दुसरी अजून विचार करतेय, करू द्या. नव्या अर्जाला आम्ही एक कागद जोडलाय: बॅटरी कुठल्या जातीची, वॉरंटी किती, जुनी परत घेणार का. दुकानदाराकडून लिहून, शिक्का मारून आणायचा. तो आणल्याशिवाय माझी शिफारस नाही.

मल्टीमीटर गटाच्या पेटीत असतो. कुणाला घरी न्यायचा असेल तर वहीत सही करा. आणि मागच्या वेळी ज्यांच्या घरून आला त्यातली नऊ व्होल्टची छोटी बॅटरी पोरांनी खेळण्यातल्या गाडीला काढून घेतली होती, ती तेवढी परत आणून द्या.